पाच वेळचा मान

गावात माणसं दोन गोष्टींवरनं डोकी फोडतात. एक बांध आणि दुसरा मान. बांधाचं एकवेळ समजतं, त्यात वीतभर का होईना जमीन असते. मानात काय असतं? आमच्याकडं सिद्धनाथाच्या पालखीपुढं दिवटी धरायचा मान एका घराकडं चालत आलाय. दिवटी म्हणजे तेल पाजलेली चिंध्यांची मशाल. ती रात्रभर हातात धरून अनवाणी चालायचं. तेल मनगटावरनं कोपरापर्यंत ओघळतं, धुरानं डोळे लाल होतात, दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. मिळतं काय, तर एक नारळ आणि मूठभर खोबरं. पण एका जत्रंला त्या घरातल्या म्हाताऱ्याला ताप होता म्हणून भावकीतल्या दुसऱ्या कुणी दिवटी उचलली, तर त्याचा निकाल लागायला पंचांच्या तीन बैठका झाल्या. त्या म्हाताऱ्याला जर कुणी म्हटलं असतं, "बरं झालं आप्पा, तुमचं वझं उतरलं," तर त्यानं पायातलं काढलं असतं.

मला बोलायचंय नमाजाबद्दल. पण माणदेशात जन्म काढलेल्या माणसाला नमाज समजून सांगायचा तर दिवटीपासनंच सुरुवात करावी लागते. अरबी-फारशी शब्द मला उशिरा कळले. 'मान' हा शब्द कळत्या वयाच्या आधीच कळला होता.

"दिवसातनं पाच डाव? रोज? कटाळा न्हाई येत?" हा प्रश्न मला जन्मभर लोकांनी विचारलाय. एसटीत कंडक्टर होतो, तेव्हा डेपोतले सोबती विचारायचे. मायेनंच विचारायचे. आता माझा थोरला विचारतो. तो पुण्यात कंपनीत आहे, संगणकावरचं काम करतो. मागं ईदला आला तेव्हा जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो, तर म्हणाला, "अब्बू, वाईट वाटून घेऊ नका, पण मला ते बँकेच्या हप्त्यासारखं वाटतं. चुकला की दंड, आणि भरला तर नुसती पुढच्या हप्त्याची तारीख."

त्याचं बोलणं मला उद्धट वाटलं नाही. आमच्यात बोलायची पद्धतच तशी आहे. फर्ज आणि कर्ज यांत एका अक्षराचा तर फरक. देणं अदा करावं तसा नमाज 'अदा' करायचा. वेळ टळली की तो 'कझा' होतो आणि कझा झालेला पुढं फेडावा लागतो. दिवसाच्या फर्ज रकाती सतरा. पहाटे दोन, दुपारी चार, असरच्या चार, मावळतीला तीन, रात्री चार. मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. लहानपणी आम्हाला अलीफ-बे शिकवायला बाहेरगावचे एक मौलवी होते. त्यांच्या हातात लिंबाचा फोक असायचा आणि तोंडात कबरीतले साप. नमाज सोडणाऱ्याचं काय होतं ते असं रंगवून सांगायचे की रात्री परसाकडं जायला एकटं भ्या वाटायचं. आम्ही दहा-बारा पोरं मान खाली घालून मशिदीत जायचो. मौलवीसाहेब सुट्टीला गावी गेले, की आम्ही सगळे विहिरीवर. मुकादम नजरेआड झाला की वेठीला धरलेला माणूस फावडं टाकतो, त्यातलाच प्रकार.

वेठ हा शब्द मी उगा वापरत नाही. आमचं घर मुलाण्याचं. गावगाड्यात मुलाण्याचं काम म्हणजे मशीद झाडायची, दिवाबत्ती करायची, बांग द्यायची आणि गावातलं बकरं बिस्मिल्ला म्हणून कापायचं. मराठ्यांच्या घरातसुद्धा मुलाण्याचा हात लागल्याशिवाय मटण चुलीवर चढत नसे. त्याबद्दल सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. आज्याबरोबर मी जायचो. आजा पाटी पुढं धरून उभा राहायचा. समोरचा राशीतली पांढरीशुभ्र ज्वारी घालतो की खराट्यानं लोटलेलं मातेरं, हे त्याच्या मनावर. काही घरं पाटी शिगोशीग भरायची. काही घरी आजा उन्हात अर्धा अर्धा तास उभा असायचा आणि आतनं आवाज यायचा, "थांब मुलाणी, गडी जेवायला बसल्यात." म्हणजे बलुत्यात हिशेब होता, पण हिशेबाचं माप दुसऱ्याच्या हातात. आणि वेठ त्याच्याही पलीकडची. आज्याच्या तरुणपणी साहेबाचा मुक्काम पडला, की चावडीवरनं बोलावणं यायचं. मग सामान वाहा, घोड्याला वैरण घाला, राहुटी ठोका. मोबदला म्हणून काही नाही. वर शिव्या.

अशा माणसानं नमाजाला काय म्हणावं? तो म्हणायचा, आणि गावात मराठीतच म्हणायचा, "आरं, म्या वेठ केलीया, बलुतं बी केलंया. मला ठावं हाय कशाला काय म्हणायचं त्ये. नमाज त्यातला न्हवं. ह्यो आपला मान हाय."

लहानपणी ह्या वाक्यात मला काही विशेष दिसलं नव्हतं. गावात ज्याला त्याला मान असतोच. मोहरममध्ये पंजाला पहिली ऊद घालायचा मान पाटलाचा, जत्रंत पहिल्या बकऱ्याचा मान आमचा. त्यातलाच एक, असं वाटलं. पुढं विचार करायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की आज्यानं फार मोठी गोष्ट बोलून टाकली होती. भीतीनं पढलेला नमाज ही वेठ झाली. सवाबाचा हिशेब मांडून पढलेला नमाज हे बलुतं झालं. जमातीत पढला तर सत्तावीस पट, अमुक रात्री पढला तर आणखी इतका, हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मन त्यातच अडकलं, की ते खळ्यावर पाटी घेऊन उभं राहतं आणि मातेरं मिळालं की राशीतलं, ते बघत बसतं. बसऱ्याच्या राबिआबद्दल एक गोष्ट सांगतात. ती एका हातात विस्तव आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली. लोकांनी विचारलं, कुठं? तर म्हणाली, स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला, म्हणजे मग कळेल देवाकडं देवासाठी कोण येतंय. आज्यानं राबिआचं नाव ऐकलं नसेल. पण खळ्यावरचं ऊन त्यानं सोसलं होतं, म्हणून तो तिथंच पोचला.

मेराजची कथा मुसलमानाच्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पैगंबरसाहेब आकाशात गेले तेव्हा त्यांना दिवसाचे पन्नास नमाज मिळाले. परतताना मुसा पैगंबर भेटले. त्यांना आपल्या लोकांचा अनुभव होता. ते म्हणाले, एवढं तुमच्या लोकांना झेपायचं नाही, कमी करून आणा. असं करत करत पन्नासाचे पाच झाले, आणि आणखी कमी मागायची मग पैगंबरसाहेबांनाच लाज वाटली. पुण्य मात्र पन्नासांचंच राहिलं. मौलवीसाहेबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही पोरांनी सुटकेचा श्वास टाकला. पंचेचाळीस वाचले! आज्याला घरी येऊन सांगितलं तर तो म्हणाला, "पन्नास डाव बोलीवलं व्हतं. आपली लायकी पाचाचीच निघाली." एकच गोष्ट, पण आम्हाला माफी ऐकू आली आणि त्याला बोलावणं.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर सगळं गाव. कुणबी, महार, रामोशी, मुलाणी, सगळे एकाच ढिगाऱ्यावर. पाटलाच्या भावकीतल्या बायासुद्धा डोक्यावर पदर घट्ट ओढून हातोडी चालवत होत्या. खायला लाल मिलो आणि सुकडी. ज्याला ते दिवस आठवतात त्याला एक गोष्ट नक्की आठवत असेल, ती म्हणजे मस्टर. मस्टरवर नाव लागावं म्हणून माणसं रडायची. खडी फोडून हाताची सालं निघायची, डोळ्यात कपरी उडायची, पण ज्याचं नाव मस्टरवर नाही त्याच्याएवढा दुःखी कुणी नव्हता. काम जड आहे म्हणून कुणी घरी बसलं नाही. नाव नाही म्हणून घरी बसावं लागलेली माणसं मी पाहिली.

तिथं दुपारी जोहरच्या वेळेला आजा ढिगाऱ्याच्या पलीकडं जायचा. आमच्या टोळीत पाण्याची एकच घागर असायची, लांबच्या विहिरीवरनं डोक्यावर आणलेली. तान्ह्या पोरांच्या बाया आधी, मग बाकीचे, असं ठरलेलं. आजा त्या घागरीला हात लावत नसे. दगडाच्या भुकटीवर दोन्ही तळवे थापायचा, झटकायचा, तोंडावरनं फिरवायचा. पुन्हा थापून कोपरापर्यंत हात पुसायचा. त्याला तयम्मुम म्हणतात. पाणी नसेल, किंवा असलेलं पाणी कुणाच्या तहानेला लागणार असेल, तर मातीनं शुद्ध व्हायची मुभा आहे. जनावराच्या तहानेसाठीसुद्धा. पाण्यापेक्षा तहान मोठी, हे शास्त्रातच लिहून ठेवलंय. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मान म्हटला की माणूस आडमुठा होतो. माझी अंघोळ, माझं सोवळं, माझी वेळ. इथं मान राखायचा आणि दुसऱ्याच्या ओठाचं पाणीही राखायचं, दोन्ही बसवून दिलंय.

एकदा मुकादम म्हणाला, "मुलाणी, तुमचा अल्ला पाऊस देईना, आन तुमी त्येच्याच पाया पडताय व्हय?" बोलण्यात खवचटपणा नव्हता, सगळेच वैतागलेले होते. पावसासाठी वेगळा नमाज असतो, तोही माळावर उघड्या डोक्यावर ऊन घेत गावातल्या मुसलमानांनी पढला होता. हिंदूंनी महादेवाच्या पिंडीवर पाणी कोंडलं होतं. पाऊस कुणालाच आला नाही. आजा म्हणाला, "पावसाचं त्येच्याकडं ऱ्हाऊ द्या. त्येच्या मस्टरवर माजं नाव हाय का, येवडं बगून येतो." मुकादम हसला. पुढं मग त्या वेळेला तोच आवाज द्यायचा, "मुलाणी, जावा, हजेरी लावून या."

आमच्या गावात 'नमाज पढतो' असं कुणी म्हणत नाही, 'नमाज पडतो' म्हणतात. पढणं म्हणजे वाचणं, हे पुढं कळलं. पण गावाची चूक मला आवडते. माणूस पडतोच की. कपाळ जमिनीला लागतं, आणि कपाळ ही तर आपल्याकडं सगळ्यात जपायची जागा. आज्याचं कपाळ आयुष्यात पुष्कळ ठिकाणी वाकलं होतं. पाटलापुढं, तलाठ्यापुढं, सावकाराच्या ओट्याखाली. बलुतेदाराला ताठ उभं राहायची सवय नसते. खळ्यावर तो वाकूनच उभा असायचा. तोच माणूस मशिदीत सफेत उभा राहिला की मला उंच दिसायचा. सिजद्यात जाताना तो जेवढा वाकायचा तेवढा कुठंच वाकत नसे, पण उठायचा तेव्हा चेहऱ्यावर लाचारी नसायची. एकाच माणसाच्या दोन वाकण्यांतला हा फरक मी लहानपणी नुसता बघितला होता. आता वाटतं, की दिवसातनं पाच वेळा असं वाकायला मिळालं नसतं, तर बाकीच्या वाकण्यांनी त्याची पाठ कायमची गोल झाली असती.

ह्यात मी आज्याला संत करत नाही. त्याचं डोकं तापट होतं आणि विडी सुटत नव्हती. नमाजातही त्याचं मन भटकायचं, हे तो स्वतःच सांगायचा. सलाम फेरून झाला की म्हणायचा, "आज तिसऱ्या रकातीत शेरडाकडं जाऊन आलो." नमाज जड आहे हे कुराणातच कबूल केलंय, नम्र माणसांखेरीज इतरांना तो जडच जातो असं त्यात आहे. तेव्हा कुणाला जड वाटला म्हणून त्याला धारेवर धरायचं कारण नाही. दिवटीवाल्याचा हातही भाजतोच. मान आहे म्हणजे तेल गार असतं असं नाही. माझं एवढंच म्हणणं, की भाजणं आणि भुर्दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंडक्टरकीत तर जड जायचाच. गळ्यात पैशांची कातडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी, आणि मगरीबची वेळ सगळ्यांत तंग. सूर्य बुडाला की संधिप्रकाश विझेपर्यंतच. लांबच्या प्रवासात चार रकातींच्या दोन करायची सवलत आहे, पण मगरीबच्या तीनच राहतात. आषाढीच्या जादा गाड्यांवर ड्यूटी लागायची. एका वर्षी पंढरपुरात परतीची गाडी भरत होती. ड्रायव्हर चहाला गेला होता. फलाटाच्या कोपऱ्यात जागा होती, पण पिशवी आणि पेटी ठेवायची कुठं? पुढच्या बाकड्यावर मराठवाड्यातली एक म्हातारी बसली होती, पंधरा-वीस दिवस चालून आलेली, पायांना फडकी बांधलेली. म्हणाली, "तू कर बाबा तुझं. मी हाय हितं बसलेली." पैशांची पिशवी मी गळ्यातच ठेवली, नियम नियमाच्या जागी. पेटी तिच्या मांडीवर दिली. परत आलो तर ती पेटीवर दोन्ही हात ठेवून तशीच बसली होती, आणि वारकऱ्यांच्या रीतीनं माझ्या पायाला हात लावायला वाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मावशी, एवढं चालून पाय दुखत नाहीत?"

"दुखत्यात की. म्हनून काय घरी बसू?"

तिला कुणी 'रोज दहा-दहा कोस चालायचं ओझं' असा प्रश्न विचारला असता, तर तिला तो कळलाच नसता. वारी चुकली म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी माणसं मी गाडीत पाहिलीत. माझ्या हिंदू सोबत्यांना नमाज समजवायची वेळ आली, की मी त्यांना त्यांचीच वारी दाखवतो. मग ते गप्प बसतात आणि थोड्या वेळानं म्हणतात, "पर आमची वर्षातनं एकदाच की." तेही खरंच.

आता थोडं आमच्यातल्या दुखण्याबद्दल. गावातला मान हा दुसऱ्याला बाहेर ठेवूनच मान होतो. दिवटी एकाचीच. कुणाच्या तरी बापजाद्यांना देवळाच्या पायरीच्या अलीकडं थांबवून बाकीच्यांचा मान उभा राहिलेला असतो. मशिदीतली सफ तशी नाही. खांद्याला खांदा लावून कुणीही उभं राहावं, आधी येईल तो पुढं. माझा मान वाढला म्हणून तुझा घटत नाही. एवढं चांगलं आमच्या हातात असून आम्ही करतो काय? सलाम फेरला, चपला घातल्या की बागवान वेगळा, पिंजारी वेगळा, मुलाणी वेगळा. सोयरिकीच्या वेळी सफ मोडते. आणि बाया? आमच्या गावच्या मशिदीत त्यांना जागा नव्हती, अजून नाही. त्यांचा मान चुलीशेजारच्या पोत्यावर.

शिवाय मानाचा माज व्हायला वेळ लागत नाही. पाच वेळच्या नमाजाचा डाग कपाळावर मिरवणारे आणि बिननमाज्याला तुच्छ लेखणारे लोक पूर्वी कमी होते, आता वाढलेत. कुराणात माऊन नावाची एक छोटी सुरा आहे. तिच्यात धिक्कार केलाय तो नमाज न पढणाऱ्यांचा नाही, पढणाऱ्यांचाच. गाफीलपणे पढणाऱ्यांचा, लोकांना दाखवायला पढणाऱ्यांचा, आणि शेजाऱ्याला साध्यासुध्या वापरायच्या वस्तूला नाही म्हणणाऱ्यांचा. वस्तू म्हणजे काय, तर कुऱ्हाड, बादली, चिमूटभर मीठ. गावात राहणाऱ्याला ही सुरा समजायला मौलवी लागत नाही.

माझ्या थोरल्याला हे मी सगळं सांगितलं, दिवटीपासनं खडीपर्यंत. तो ऐकून घेतो, त्याचा तो गुण आहे. मग म्हणाला, "अब्बू, आज्याला तो मान वाटला, कारण बाकी कुणी त्याला मान दिला नाही. मला ऑफिसात खुर्ची आहे, पगार आहे. मला कशाला वाटेल?"

हे मात्र मला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. दोन दिवस मी त्यावर विचार करत होतो. खरंच, ज्याला जगात कुठं उभं राहायला जागा नाही, त्याच्यासाठीच का ही जागा? मग तालुक्याचे एक मोठे डॉक्टर आठवले. पेशंट रांगेत बसलेले असताना पाच मिनिटं आत जाऊन दार लावून घेतात. त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, दिवसभर प्रत्येक जण मला साहेब म्हणतो, तेवढी पाच मिनिटं मला कुणी साहेब म्हणत नाही. म्हणजे आज्याला तिथं ताठ होता यायचं, आणि डॉक्टरांना वाकता यायचं. मी पोराला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही असं नसतं, आणि हो असंही नसतं. मी ताणलं नाही. लिंबाच्या फोकानं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. फजरला उठतो तेव्हा त्याचं नाव घेतो, तेवढं.

पण हा सगळा विचार माझ्यापेक्षा, आज्यापेक्षासुद्धा, माझ्या दादीनं जास्त पक्का केला. ती आज्यामागं सतरा वर्षं जगली. शेवटच्या दोन वर्षांत तिला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, मानेच्या खुणेनं नमाज पढायची सोय आहे. पाण्यानं तिला हुडहुडी भरायची, म्हणून चुलतीनं एक सपाट दगड स्वच्छ धुऊन वाळवून तिच्या उशाशी ठेवला होता. त्यावर ती उजवा हात थापायची आणि तोंडावरनं फिरवायची. डावा हात चुलती उचलून धरायची.

पुढं पुढं तिचं भान जायला लागलं. दोन रकातींच्या पाच व्हायच्या. अल्हम्दु अर्ध्यावर सुटायची आणि ती माहेरच्या विहिरीबद्दल बोलायला लागायची. तेव्हा मशिदीत जे मौलवी होते ते वयानं तरुण, स्वभावानं फार मऊ. ते बघायला आले. दादीची अवस्था पाहिली आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "दादीमा, आता तुम्ही त्रास नका करून घेऊ. अशा हालतीत नमाज माफ आहे."

दादीला ते वाक्य मात्र नीट कळलं. ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "माफ? मैंने क्या गुना करी?" मौलवी गोंधळले. ती पुढं म्हणाली, "सबका मान सबके पास रैता. मेरा कायकू काड लेते?" आणि रडायला लागली. वाचा अर्धी गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळं ते रडणं ऐकवत नव्हतं. आयुष्यभर जिला मशिदीच्या आत पाय ठेवायला मिळाला नाही, चुलीशेजारच्या पोत्यावर जिनं तिचे सगळे नमाज काढले, तिच्याकडं तेवढाच एक मान होता. मौलवींनी सूट दिली होती. तिला वाटलं मस्टरवरनं नाव कमी केलं.

मौलवींनी तिचे पाय धरले. म्हणाले, "मैं गलत बोला दादीमा, आप पढो."

त्यानंतर चुलती तिच्या उशाला बसून मोजायची. "एक हुई अम्मा, अब दुसरी." दादी मानेनं रुकू करायची, पापण्या मिटून सिजदा करायची. कधी तिला दुपारी चारला पहाट झाली असं वाटायचं आणि ती फजरच्या दोन रकाती पढायला घ्यायची. सांगायला गेलं की ऐकायची नाही. चुलतीनं मौलवींना निरोप पाठवून विचारलं, असरच्या वेळेला अम्मा फजर पढते, काय करायचं? मौलवी स्वतःच आले, दाराशी थोडा वेळ उभे राहून बघत राहिले, आणि म्हणाले, "मोजत राहा."